पाचव्या मजल्यापर्यंत

“तुमची खिडकी मात्र उघडी असते,” असं म्हणून पाचव्या मजल्यावरच्या आजी जिना चढायला लागल्या.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी दिवसभर मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसले असते आणि रात्रीपर्यंत विसरूनही गेले असते. पण जे दिसलं तेवढंच त्या बोलल्या होत्या. जिन्यात गाठ पडली तेव्हा त्यांच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, गळ्याभोवती दोन वेढे दिलेला मफलर, आणि कोटाच्या बाहीतून आतल्या स्वेटरची बाही डोकावत होती. मला वाटलं, कुठे बाहेर निघाल्यात. म्हणून विचारलं, एवढ्या थंडीत कुठे? तर त्या फक्त टपाल घ्यायला खाली आल्या होत्या. म्हणजे अंगावर होते ते घरात घालायचे कपडे. “तीन आठवडे झाले, आमच्याकडचे रेडिएटर गारच आहेत,” त्या म्हणाल्या, आणि मग ते खिडकीचं वाक्य. कठड्याला धरून, दर वळणावर थांबत त्या वर गेल्या. मी दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारात किल्ली हातात धरून उभी. आत शिरले, घराची ऊब अंगावर आली आणि पहिल्यांदाच ती नकोशी वाटली.

खिडकी उघडी असायची हे खरंच होतं. तळघरात तापवलेलं पाणी ज्यातून फिरतं तो झोपायच्या खोलीतला लोखंडी रेडिएटर इतका तापायचा की रात्री घशाला कोरड पडायची. त्याच्या व्हॉल्व्हची मूठ रंगाच्या थरांखाली गच्च बसलेली, बंद होत नाही की कमी होत नाही. जोर लावावा तर दांडीपाशी पाणी झिरपायला लागेल अशी भीती. मग खिडकी चार बोटं उघडी टाकायची आणि झोपायचं. एका बाजूला तापलेलं लोखंड, दुसऱ्या बाजूने तोंडावर येणारा गार वारा. त्या झोपेत सुख होतं, ते नाकारणार नाही. आणि त्या सुखाला थोडा अभिमानही चिकटलेला होता, कारण तो रेडिएटर मी स्वतः तापता केला होता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला तो आजारीच होता. तळघरातला बॉयलर सुरू झाला त्या दिवशी भिंतीतले पाईप टकटक वाजले, कुठेतरी खळखळ झाली, आणि संध्याकाळपर्यंत जिन्यात जो तो म्हणायला लागला की आमच्याकडे आली ऊब. माझा रेडिएटर खाली कढत आणि वर गार. मी त्याला हाताची पाठ लावून बघायचे. ही सवय आईची. लहानपणी अंग मोडून आलं की आई आधी कपाळाला हाताची पाठ लावायची, मग गळ्याला, मग पोटाला. थर्मामीटर नंतर. कपाळ तापलंय पण हातपाय गार आहेत, म्हणजे ताप अजून चढतोय, हे ती स्पर्शावरून सांगायची. जुना रेडिएटरही असाच तपासावा लागतो. एका जागी हात लावून काही समजत नाही. पाणी आत आणणारा पाईप, परत नेणारा पाईप, वरची कड, तळ, पहिला खण, शेवटचा खण, सगळीकडे हात फिरवायचा. त्यासाठी लागणारे शब्द मराठीत तयारच आहेत: गार, कोमट, ऊन, गरम, कढत. थर्मामीटरने आकडा कळेल, पण ‘ऊन’ आणि ‘कोमट’ यांतला फरक बोटांनाच कळतो. यांतला ‘कोमट’ सगळ्यांत फसवा. गार असेल तर माणूस तक्रार करतो, कोमट असेल तर वाट बघत बसतो.

हळूहळू ही नाडीपरीक्षा मला जमायला लागली. वर गार आणि खाली गरम, म्हणजे आत हवा धरलीय. हवा पाण्याहून हलकी, ती वर जाऊन बसते आणि तेवढ्या भागात पाणी शिरत नाही. कडा गरम पण तळाचा मधला भाग गार, म्हणजे गाळ साचलाय. हा गाळ बाहेरून येत नाही, पाईपांचं आणि रेडिएटरचं लोखंडच वर्षानुवर्षं झिजून त्याची काळी, रेशमासारखी मऊ भुकटी होते. ती चुंबकाला चिकटते, मी चिकटवून पाहिली आहे. पाईप कढत आणि रेडिएटर सबंध गार, तर व्हॉल्व्ह अडकलाय. खोलीच्या तापमानाप्रमाणे आपोआप उघडझाप करणारा आकड्यांचा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या डोक्याखाली एक बारीक पिन असते. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद ठेवला की ती खालीच चिकटून बसते. डोकं काढून पिन हलक्या हाताने दाबून सोडली की बहुतेक वेळा मोकळी होते. पक्कड लावून ती वर ओढायची मात्र नाही. अशा व्हॉल्व्हवर जाड पडदा आला तरी घोटाळा होतो, कारण पडद्याआडच्या उबेलाच तो खोलीची ऊब समजतो आणि पाणी बंद करतो. आणि पाईपही गार असेल, तर दोष आपल्या घरात शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा खालच्यांना आणि वरच्यांना विचारायचं.

वरच्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. माझे पाईप तर कढत होते.

हवा काढायची चावी अंगठ्याएवढी असते, आतून चौकोनी. बॉयलरचं काम रात्री मंदावलं की रेडिएटर थोडा निवू द्यायचा, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिट्टीवर चावी बसवायची, खाली फडकं धरायचं आणि पाव फेरा फिरवायचा. फुस्स असा बारीक आवाज येतो. आधी कोरडा, मग ओलसर, मग खाकरल्यासारखा, आणि शेवटी पाण्याची धार लागते. त्या हवेला जुन्या नाण्यांसारखा वास होता. ती सगळी हवाही नसते. पाण्यातलं लोखंड झिजताना हायड्रोजन सुटतो, तोही तिथेच साठतो, म्हणून हे करताना जवळपास ज्योत नको. धार लागली की लगेच चावी बंद करायची, इथे काम संपतं. माझं तिथे संपलं नाही. धार काळी होती. शाईसारखं ते पाणी बघून मला वाटलं, एवढी घाण आत ठेवायची कशाला? मी बादली लावली आणि पाणी नितळ होईपर्यंत सोडत राहिले. अर्धी बादली झाली, पाणी थोडं फिकट झालं, रेडिएटरही त्या रात्री वरपासून खालपर्यंत तापला. माझ्या डोक्यात दोन्हींची सांगड बसली ती बसलीच: पाणी काढलं म्हणून ऊब आली.

त्या यशाची गोडी लागली. आठवड्याने पुन्हा खळखळ ऐकू आली, पुन्हा बादली. शेजारच्यांनी विचारलं, त्यांना चावी दिली, कसं करायचं ते दाखवलं, बादलीसकट. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यालाही दाखवलं. मदत करताना जो एक हलकेपणा येतो तो मला पुरेपूर आला होता. चावी आमच्यात फिरत राहिली. माझ्याकडे परत यायची तेव्हा तिच्यावर काळ्या बोटांचे ठसे असायचे, आणि ते पाहून मला बरं वाटायचं.

त्या दिवसांत मी रेडिएटरजवळ बसून बरीच कामं करायचे, आणि बघता बघता त्या जड, ओबडधोबड वस्तूवर जीव जडला होता. ओतीव लोखंडाचे एकसारखे खण एकमेकांना जोडलेले, पायांवर उभे. अशा रेडिएटरचं श्रेय बहुधा सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या फ्रांझ सान-गाली यांना देतात, काळ साधारण १८५५ ते १८५७. म्हणजे भिंतीतल्या आगीऐवजी तळघरात कुठेतरी आग पेटवायची आणि तिची ऊब पाण्याकरवी घरोघर पाठवायची, ही कल्पना दीडशेहून जास्त वर्षं टिकून आहे. तो खिडकीखाली बसवतात तेही मला आधी वेडेपणाचं वाटायचं, अर्धी ऊब काचेतून बाहेरच जाणार! पण काचेला लागून गार झालेली हवा खाली घसरते आणि जमिनीवरून पायांकडे सरकते. तिला तिथल्या तिथे गाठून वर ढकलायचं काम रेडिएटर करतो. नाव रेडिएटर असलं तरी तो देतो त्यातली बरीचशी ऊब हवेला तापवून, तिला वर चढवूनच देतो. माझ्या रेडिएटरला कुणीतरी चंदेरी रंग दिलेला होता. दिसायला देखणा, पण धातूची भुकटी असलेल्या रंगातून किरणांवाटे बाहेर पडणारी ऊब कमी होते. साधा पांढरा, तपकिरी, काळा, कुठलाही रंग त्यापेक्षा बरा. एकदा तो रंग खरवडून काढायचं माझ्या मनात होतं, पण खालचे जुने थर शिशाचे असू शकतात म्हणून हात लावला नाही.

इथे एक सांगायला हवं. माझ्या एका मैत्रिणीच्या जुन्या इमारतीत पाण्याऐवजी वाफ खेळते, आणि तिला मी चावीचं शहाणपण शिकवायला गेले तेव्हा तिने मला थांबवलं. तिच्याकडे एकच पाईप रेडिएटरला जातो. त्यातूनच वाफ वर येते आणि पाणी होऊन त्यातूनच परत उतरते. म्हणून तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा तरी ठेवायचा किंवा पूर्ण बंद तरी. अर्धवट ठेवला की पाणी अडकतं, वाफ त्याला पुढे फेकते, आणि रात्री हातोडा मारल्यासारखे दणके बसतात. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा. हवा बाहेर सोडणारी छोटी डबी रंगाने बुजली तर वाफ आत येतच नाही. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते, म्हणून तिचे रेडिएटर हात लावू देत नाहीत इतके तापतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण एकाचं औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही.

तर, खिडकीचं वाक्य ऐकलं त्याच संध्याकाळी मी चावी घेऊन पाचव्या मजल्यावर गेले. मनात हेच होतं की आजींच्या रेडिएटरमध्येही हवा असणार, पाच मिनिटांचं काम. त्यांच्या घरात पाऊल टाकलं आणि गारठा नाकाला झोंबला. सगळं नीटनेटकं होतं, फक्त सगळं एका खोलीत आलं होतं. पलंग, टेबल, दिवा, वाचायची पुस्तकं, सगळं एका विजेच्या हीटरभोवती. बाकीच्या खोल्यांची दारं बंद, दाराखाली गुंडाळलेले टॉवेल. “सकाळी फार घुरघुरतं,” त्या म्हणाल्या. मी खिट्टीवर चावी बसवली, पाव फेरा फिरवला आणि फुस्सची वाट पाहिली. काहीच नाही. अर्धा फेरा. एक बारीक आवाज आला, पण ओळखीचा नव्हता, ओठ मिटून श्वास आत घ्यावा तसा. खिशातला कागदी रुमाल काढून त्याचं टोक मी त्या भोकाजवळ नेलं. ते लपकन आत ओढलं गेलं आणि तिथेच चिकटून राहिलं.

हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती.

मी घाईघाईने चावी बंद केली. आजींनी विचारलं, काय झालं? मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी इमारतीची देखभाल बघणाऱ्या काकांना गाठलं. ते मला तळघरात घेऊन गेले. दमट, उबदार जागा, पंपाची एकसुरी घरघर, पाईपांवर पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. त्यांनी दाबमापकावर बोट ठेवलं. काटा १.४ वर होता. “हा बघा, गेले दोन महिने खाली येतोय. मी भरतो, हा उतरतो. गळती कुठेच सापडत नाही.” मग त्यांनी मला हिशोब समजावला, भिंतीवर बोटाने रेघा ओढत. पाणी १० मीटर वर उभं करायला साधारण १ बार दाब लागतो. या काट्यापासून पाचव्या मजल्यावरचे रेडिएटर १६ मीटर उंच. म्हणजे १.६ बार तर नुसतं पोहोचायलाच हवा, आणि वर थोडा शिल्लक, म्हणून ते काटा दोनच्या आसपास ठेवायचे. १.४ म्हणजे पाणी भरवशाने १४ मीटरच चढणार. त्याच्या वर जे उरतं ते हवेचं. तिथली खिट्टी उघडली की बाहेरची हवाच आत ओढली जाते. आणि रात्री बॉयलर मंदावला की दाब आणखी उतरतो, कारण १० अंशांचं पाणी ८० अंशांना जाताना जवळजवळ ३ टक्के फुगतं आणि निवताना तेवढंच आकसतं. हा फुगवटा सांभाळायला कोपऱ्यात एक लाल टाकी होती, आत रबरी पडदा, पडद्यामागे हवा. टाकी ठीक होती. मग पाणी जातंय कुठे?

मी त्यांना बादलीचं सांगितलं.

ते रागावले नाहीत. थोडा वेळ काट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “किती घरं?” मी मोजून सांगितलं, माझं धरून चार. आठवड्याला चार अर्ध्या बादल्या, दोन महिने. कमी झालेलं पाणी ते नळाने भरायचे, आणि तेही दुखण्यात भरच घालत होतं. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ते तापलं की हवा सुटते आणि कुठल्यातरी रेडिएटरच्या डोक्यावर जाऊन बसते. त्यातला प्राणवायू लोखंड खातो, लोखंडाचा काळा गाळ होतो. काळं पाणी बघून मी आणखी पाणी काढत होते. रेडिएटरमधलं जुनं पाणी काळंच असतं, त्यातला प्राणवायू कधीच संपलेला असतो आणि म्हणूनच ते लोखंडाला फारसा त्रास देत नाही. ज्याला मी घाण समजून ओतून देत होते ते इमारतीच्या कामाचं पाणी होतं. आजींच्या घरातलं होतं, असंही म्हणता येईल, कारण कमी पडलं ते त्यांना.

त्या रात्री मला झोप लागली नाही. काकांनी माझी समजूत काढली होती की मुख्य दोष पाणी नीट वाटलं न जाण्याचा आहे, तो माझ्या येण्याआधीपासूनचा आहे. ते खरंही होतं. पंपाजवळच्या घरांना पाणी भरपूर मिळतं, दूरच्यांना उरलंसुरलं, कारण पाणी सोपी वाट धरतं. मला खिडकी उघडावी लागणं आणि त्यांना दाराखाली टॉवेल लावावे लागणं, या एकाच दुखण्याच्या दोन बाजू होत्या. तरी मला पुन्हा पुन्हा आठवत होता तो चावी देताना वाटलेला हलकेपणा. मी चांगल्या मनाने केलं होतं. पण आजी तीन मजले खाली येऊन कुणाचं दार वाजवणाऱ्यातल्या नाहीत, आणि मी तीन मजले वर जाऊन कधी विचारलं नव्हतं. भिंतीतला तो पाईप माझ्या खोलीतून निघून थेट त्यांच्या खोलीत जातो. रात्री मी त्यावर हात ठेवला तेव्हा तो कढत होता. हे कढत पाणी वर कुठल्या उंचीवर थांबत असेल, याचा अंदाज मी छताकडे बघत करत राहिले.

शनिवारी दुरुस्ती झाली. काकांनी पाणी भरलं, काटा २ वर नेला, पंप बंद केला, आणि आम्ही तळमजल्यापासून हवा काढत वर निघालो. क्रम खालून वर असा, म्हणजे हवा वर सरकत जाते आणि शेवटी सगळ्यांत उंचावर गाठता येते. दर मजल्यानंतर ते तळघरात फोन करून काटा विचारायचे, खाली त्यांचा मुलगा थोडं पाणी भरायचा. माझ्या घरात आल्यावर त्यांनी परतीच्या पाईपावरची छोटी टोपी उघडली. तिच्याखाली व्हॉल्व्ह असतो हे मला माहीतही नव्हतं. पान्याने तो आधी पूर्ण बंद केला, मग अर्धा फेरा उघडला. पूर्वी तो सताड उघडा होता. “तुमच्याकडे आता एवढं तापणार नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, नकोच आहे. ज्या ज्या घरात मी बादली शिकवली होती तिथे मीच सांगितलं की धार लागली की थांबायचं, पाणी काळं असलं तरी. हे सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं.

पाचव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. आजींनी सगळी दारं उघडून ठेवली होती. मी चावी बसवली, कागदी रुमालाचं टोक भोकाजवळ धरलं आणि फिरवली. रुमाल फडफडून बाहेर उडाला. मग तो आवाज सुरू झाला, संपता संपेना, मिनिटभर, दोन मिनिटं, आजी डोकं किंचित कलतं करून ऐकत होत्या. खाकरल्यासारखं झालं, दोन-चार काळे थेंब फडक्यावर पडले, धार लागली, आणि मी चावी बंद केली. चारही खोल्यांत तसंच. काकांनी खाली जाऊन पंप सुरू केला. थोड्या वेळाने पाईप टकटकला.

पुढचा तास आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसून होतो. आजींनी टोपी काढली नव्हती. दर थोड्या वेळाने आळीपाळीने उठायचं, पहिल्या खणाला हात लावायचा, मग दुसऱ्याला, आणि येऊन सांगायचं. पाचवा खण ऊन झाला होता, सहावा कोमट. आणखी चार बाकी होते. आजी उठल्या, हातमोजा काढला, आणि सातव्याला हाताची पाठ लावून तशाच उभ्या राहिल्या.